सस्पेन्स खात्यातले पाणी

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. हिशेबात फरक आला की त्याची झोप उडते. पण तोच फरक तात्पुरता झाकता आला, तर त्याच्याइतकी गाढ झोपही दुसऱ्या कुणाला लागत नाही.

माझी मोटार १९९८ सालची. छोटी, तीन सिलिंडरची, बँकेच्या कर्जावर घेतलेली. सहा-सात महिने तिचे पाणी कमी होत होते. गाडीखाली थेंब दिसत नसे. मी रोज सकाळी बॉनेट उघडून बोअरिंगचे लोटाभर पाणी ओतायचो आणि विषय मिटवायचो.

एप्रिलमध्ये मेहुणीला भेटायला साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा चढ, मागे ट्रकांची रांग. काटा लाल रेषेवर गेला. गाडी कडेला घेतली, फडके हातात घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच हिने मनगट धरले. "अहो, कुकरची शिट्टी वाजत असताना झाकण उघडतं का कुणी?"

हिने भौतिकशास्त्रच सांगितले. ते झाकण सुमारे ०.९ किलोचा दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी शंभर अंशांच्याही वर १५-२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येते.

तासभर थांबलो. एका ट्रकवाल्याने रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकायला सांगितले. हा उपाय आपल्याकडे जुना आहे; बारीक भोक बुजतेही, पण त्याबरोबर रेडिएटरच्या नळ्याही बुजू शकतात. नुसते पाणी घालून, थांबत थांबत सातारा गाठले.

तिथल्या मेस्त्रीने आधी मलाच तपासले.

"रोज किती पाणी लागतं?"

"लोटाभर."

"कधीपासून?"

सांगितल्यावर तो काही बोलला नाही. इंजिन गार झाल्यावर त्याने रेडिएटर काठोकाठ भरला, त्याच्या तोंडाला घड्याळ लावलेला हातपंप बसवला आणि झाकणाइतकाच दाब दिला. काटा हळूहळू उतरू लागला. खालच्या होज पाईपच्या क्लिपेपाशी हिरवट-पांढरी खपली धरली होती. पाईप आणि क्लिप बदलली. मी पाकीट काढले.

"थांबा साहेब." त्याने पुन्हा पंप मारला. काटा पुन्हा उतरला, आता फार सावकाश. बॅटरी धरून त्याने वॉटर पंपाच्या पोटाखालचे बारीक छिद्र दाखवले. तिथे एक थेंब लोंबत होता. ते छिद्र कारखान्यातच ठेवलेले असते; आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावे, मालकाला कळावे, म्हणून. तापलेल्या इंजिनावर तो थेंब जागीच वाळत होता. माझ्या एका फरकामागे दोन चुका होत्या.

त्याने ऑईलची कांडीही पाहिली. ऑईल दुधाळ झाले नव्हते, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. म्हणजे हेड गॅस्केट वाचले होते. हेड ॲल्युमिनियमचे, फार तापले की वाकते.

"सील कशानं गेलं?" मी विचारले.

"बोअरचं क्षाराचं पाणी. तुम्ही रोज घालत होता ना, त्यानंच."

परत येताना मला १९८९ सालची आमची तालुक्याची शाखा आठवली. एका संध्याकाळी ६३ रुपयांचा फरक आला. फरकाला नवाने भाग गेला की आकडे उलटे पडले असावेत, हे शिकाऊ क्लार्कलाही ठाऊक असते. पण शेवटची एसटी गाठायची होती. मी फरक सस्पेन्स खात्याला टाकला आणि तो तिथेच राहिला. सात महिन्यांनी ऑडिटरने काउंटरवरच्या क्लार्कला धारेवर धरले. त्याची बढती अडली. शेवटी चूक सापडली. ८१ च्या जागी १८ लिहिलेले, अक्षर माझे. त्याचे नाव साफ झाले. मी त्याला एक शब्द बोललो नाही.

आता गाडीत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे असते. कूलंट गोडसर असते आणि विषारी, म्हणून सांडले तर लगेच धुऊन काढतो; गल्लीत कुत्री आहेत. सकाळी इंजिन गार असताना बाटलीवरची पातळी पाहून डायरीत लिहितो. कमी झाली, तर ओतण्याआधी शोधतो.

परवा त्या क्लार्कला फोन केला. तोही निवृत्त झाला आहे. चूक माझी होती, आणि ती मी त्याच दिवशी शोधायला हवी होती, असे सांगितले. तो हसला. म्हणाला, "सोडा हो साहेब, इतकी वर्षं झाली, मला तर आठवतसुद्धा नाही."

मग थोडे थांबून म्हणाला, "त्रेसष्ट रुपयेच होते ना?"