तारेवरचे गाणे

'गिटार' हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक, वसईच्या वा गोव्याच्या ख्रिस्ती घरात भिंतीला टांगलेले, सणासुदीला खाली उतरणारे शांत लाकडी वाद्य. आणि दुसरे, रंगमंचावर कानठळ्या बसविणारे विजेचे वाद्य. पहिल्याविषयी आपणांस जिव्हाळा असतो, दुसऱ्याविषयी बहुधा अढी. ही अढी सर्वस्वी अकारण आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या गोंगाटाच्या पोटी कधी कधी इतकी विचारपूर्वक बांधलेली रचना दडलेली असते की, ती न ऐकताच दूर सारण्यात आपलेच नुकसान होय. म्हणून 'क्वीन' या इंग्लिश वाद्यवृंदातील गिटारवादक ब्रायन मे यांच्या मला विशेष प्रिय असलेल्या तीन एकलवादनांविषयी आज बोलावयाचे योजिले आहे.

हा वाद्यवृंद आपणांस अगदीच परका नव्हे. उधन्याहून मुंबईच्या वाटेवर सुमारे ६५ किलोमीटरवर वलसाड लागते. त्याचे जुने नाव बुलसार. त्या गावावरून आडनाव पडलेल्या बुलसारा नामक पारशी कुटुंबात १९४६ साली झांझिबार येथे फारुख हा मुलगा जन्मला. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. पियानोचे धडे त्याने तेथेच घेतले आणि सवंगड्यांसह 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यमेळही तेथेच जमविला. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झालेला, १९९१ साली दिवंगत झालेला 'क्वीन'चा गायक. त्याच्या गळ्याला ज्या वाद्याने उत्तर दिले, ती ब्रायन मे यांची गिटार.

ही गिटार कोणत्याही दुकानात विकत घेतलेली नाही. उंची वाद्य घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून १९६३ साली शाळकरी ब्रायन आणि त्यांचे वडील हॅरोल्ड मे यांनी ती घरीच घडविण्यास आरंभ केला. काम सुमारे दोन वर्षे चालले. वाद्याची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून कोरली. धडासाठी जुन्या मेजाचे ओकचे लाकूड वापरले. पट्टीवरील खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्याच्या गुंड्यांतून केले. तारांचा ताण सावरण्यासाठी मोटारसायकलच्या इंजिनातील दोन स्प्रिंगा बसविल्या. आमच्या उधन्यात यंत्रमागाचा कारागीर मोडका भाग टाकून देण्यापूर्वी तो दोनदा उलटून पाहतो. त्याला या बापलेकांची रीत समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता विजेच्या गिटारीचे शास्त्र थोडक्यात पाहू. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात तशीच कंप पावणारी सूक्ष्म वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखविलेला हाच तो नियम. शाळेच्या प्रयोगशाळेत मुले तो चुंबक हलवून पाहतात. ही वीज ध्वनिवर्धकातून मोठी झाली की आपणांस स्वर ऐकू येतो. मे यांच्या गिटारीच्या धडात मुद्दाम पोकळ जागा ठेवल्या आहेत. कर्ण्यातून निघालेला आवाज हवेतून परत येऊन त्याच तारेला पुन्हा कंपित करतो. त्यामुळे स्वर छेडल्याबरोबर विरत नाही, व्हायोलिनसारखा लांबत राहतो. तार बोटाने बाजूस ओढली की तो स्वर चढत जातो. आपल्या सतारीवरील मींड ती हीच. तारा छेडण्यासाठी मे हे प्लॅस्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचे जुने नाणे वापरतात. त्याच्या दातेरी कडेमुळे स्वराच्या आरंभी जणू एखादे व्यंजन उमटते, आणि तार 'बोलू' लागते.

पहिले एकलवादन 'किलर क्वीन' या १९७४ सालच्या गीतातील. त्या वर्षी मे आजारी होते; सोबत्यांनी ध्वनिमुद्रणाचे काम पुढे नेले आणि त्यांच्या वाद्यासाठी जागा राखून ठेवल्या. येथे आरंभी एकच गिटार मोजके बोलते; मग दुसरी, मग तिसरी तिला येऊन मिळते. तिन्ही त्यांनीच, निरनिराळ्या वेळी वाजवून ध्वनिफितीवर एकत्र केल्या आहेत. एका ठिकाणी स्वर एकामागून एक सुटतात आणि एकमेकांत मिसळून रेंगाळतात, जणू चर्चच्या मनोऱ्यातील लहानमोठ्या घंटा क्रमाने वाजत आहेत.

दुसरे 'ब्रायटन रॉक' या त्याच वर्षीच्या गीतातील. येथे वाद्यासोबत प्रतिध्वनी देणारे यंत्र आहे. वाजविलेले वाक्य क्षणभराने परत येते. ते येत असताना वादक त्यावर सुसंवादी असे दुसरे वाक्य ठेवतो, आणि पुन्हा तिसरे. शाळेत एका रांगेने गीत सुरू करावे, दुसऱ्या रांगेने दोन ओळींनंतर तेच उचलावे आणि तरीही सूर जुळावेत, तसा हा खेळ. फरक इतकाच की येथे सर्व रांगांत एकच मनुष्य उभा आहे. जे आपण आता वाजवू ते क्षणाने परत येणार आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याला पुढचे बोलावे लागते.

तिसरे आणि सर्वांत प्रसिद्ध, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या १९७५ सालच्या गीतातील. हे गीत ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. मर्क्युरीने लिहिलेल्या या गीतात एक अपराधी तरुण आपल्या आईपुढे मन मोकळे करतो. त्याचे शब्द टिपेला जाऊन थांबतात आणि गिटार सुरू होते. सामान्य वादकाने येथे गायकाचीच चाल उचलून धरली असती. मे तसे करीत नाहीत. ते नवीनच चाल रचतात. तरुणाला जे सांगता आले नाही ते जणू वाद्य पुढे सांगते. स्वर खालून उमलत वर जातात, अखेरीस एक वेगवान तान घसरत खाली येते, आणि पुढच्या क्षणी सारा बाज पालटून संगीतिकेचे नाट्य सुरू होते. म्हणजे हे वादन शोभेसाठी लावलेली कमान नव्हे. तो एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणारा पूल आहे. तो काढून घेतला तर गीत दुभंगेल.

माझ्या मते चांगल्या एकलवादनाची कसोटी हीच. बोटे किती वेगाने धावली हे मोजणे सोपे असते, आणि आजची मुले तेच मोजतात. परंतु या तिन्ही वादनांतील मुख्य वाक्ये आपणांस गुणगुणता येतात. जे गुणगुणता येते ते स्मरणात राहते. नुसता वेग टाळ्या घेऊन निघून जातो.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट. ज्या पित्याने स्वतःच्या हातांनी गिटार घडवून दिली, त्यालाच मुलाने खगोलभौतिकीतील संशोधन सोडून संगीत पत्करले हे रुचले नव्हते. त्या पित्याची काळजी आपणांस समजू शकते. फी भरताना ओढाताण सोसणाऱ्या घरांत तर ती अधिकच समजते. मात्र अर्धवट राहिलेला तो प्रबंध मे यांनी पुढे पुन्हा हाती घेतला आणि २००७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून आंतरग्रहीय धुळीवरील संशोधनासाठी डॉक्टरेट मिळविली. एक विद्या धरली म्हणून दुसरी कायमची सुटतेच असे नाही. तेव्हा घरातील मूल एखादे वाद्य घेऊन बसले, तर त्याला लगेच उठवू नये. आधी त्याच्याजवळ बसावे, आणि काय वाजवितोस ते एकदा गुणगुणून दाखव, एवढेच म्हणावे. त्याला ते गुणगुणता आले, तर त्याची विद्या योग्य वाटेवर आहे असे खुशाल समजावे.