देवयानीकडून आलेला संदेश

३ ऑक्टोबर १९६१ रोजी बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची विज्ञानमालिका सुरू झाली. कथा केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची. लेखनात त्यांना जॉन एलियट यांची साथ होती. त्याच सुमारास हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण संशोधन करत होता. त्याचं नाव जयंत विष्णू नारळीकर. पुढे १९८८मध्ये पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले. मालिका इंग्लंडची असली, तरी तिच्याशी पुण्याचं नातं आहे ते असं.

एका नव्या रेडिओ दुर्बिणीला देवयानी (अँड्रोमेडा) तारकासमूहाच्या दिशेने आलेला संदेश सापडतो, इथे कथा सुरू होते. संदेशात अभिवादन नसतं. असतो तो एका प्रचंड संगणकाचा आराखडा. या कल्पनेमागे शास्त्रज्ञाचा हिशेब आहे. अगदी जवळच्या ताऱ्यापर्यंत पोहोचायलाही प्रकाशाला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. दूरच्या ताऱ्याला प्रश्न विचारला, तर उत्तर ऐकायला विचारणारा जिवंत नसेल. मग संवादापेक्षा तिथे जाऊन काम करील असं यंत्रच संदेशातून का पाठवू नये?

स्कॉटलंडमधल्या लष्करी तळावर तो संगणक बांधला जातो. तो माणसांकडून जीवशास्त्राची माहिती घेतो आणि सजीव घडवायची कृती देतो. प्रयोगशाळेतली एक सहायक त्याच्यामुळे प्राणास मुकते आणि तिच्याच रूपाची ‘अँड्रोमेडा’ जन्माला येते. या दोन्ही भूमिका तेव्हा नवख्या असलेल्या ज्युली ख्रिस्तीने केल्या. सरकारला यंत्राकडून क्षेपणास्त्रं हवी असतात, एका बड्या कंपनीला नफा. यंत्राचा स्वतःचा हेतू काय, हा प्रश्न जॉन फ्लेमिंग हा शास्त्रज्ञ लावून धरतो.

प्रेक्षकांना हे खरं वाटावं असाच तो काळ होता. कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९मध्ये ‘नेचर’मध्ये सुचवलं होतं, की परग्रहावरचे संदेश हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीजवळ शोधावेत. हायड्रोजन विश्वात सर्वत्र आहे. त्यामुळे ही तरंगलांबी कुठल्याही प्रगत समाजाला माहीत असणार. १९६०मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत दोन ताऱ्यांकडे दुर्बीण रोखून तसा शोध घेतलाही. एप्रिल १९६१मध्ये अंतराळवीर गागारिन अंतराळात जाऊन आला. वेधशाळेतला ताजा प्रश्न दोन वर्षांत घराघरांतल्या पडद्यावर पोहोचला, कारण तो मांडणारा स्वतः त्याच क्षेत्रात काम करत होता.

बीबीसीने मात्र या ठेव्याची कदर केली नाही. चित्रफिती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरण्याची तेव्हा पद्धत होती. आज या मालिकेचा सहावा भाग आणि इतर भागांतले काही तुकडे एवढंच उरलं आहे.

हॉइल यांचा वारसा नारळीकरांनी मराठीत रुजवला. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीत गाडलेला एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून ‘वामन’ हा यंत्रमानव घडवला जातो. इथे ज्ञान आकाशातून न येता भूगर्भातून येतं, पण पेच तोच: अनोळखी ज्ञान हाती आलं, तर ते वापरण्याआधी पारखायचं कोणी? गोष्टीतून विज्ञान बाजूला काढता येऊ नये, हे पथ्य दोघांनीही पाळलं. नारळीकर टीव्हीच्या पडद्यावरही आले. दूरदर्शनच्या ‘ब्रह्मांड’ मालिकेतून त्यांनी खगोलशास्त्र समजावून दिलं. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर सहीनिशी मिळेल.

नारायणगावजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. कोकोनी-मॉरिसन यांनी सुचवलेली ती तरंगलांबी तिच्या टप्प्यात येते. म्हणजे हॉइल यांच्या कथेला लागणारी वेधशाळा पुणे जिल्ह्यातच आहे.

आज माणसासारखं लिहिणारी, बोलणारी यंत्रं आपल्या हातात आली आहेत आणि ती बनवणाऱ्यांनाही त्यांचं प्रत्येक उत्तर कसं तयार झालं हे नेमकं सांगता येत नाही. फ्लेमिंगचा प्रश्न आता रोजच्या व्यवहारातला झाला आहे. तो घरातल्या सगळ्यांनी मिळून विचारावा यासाठी चांगल्या विज्ञानमालिकेसारखं माध्यम नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले. त्यांच्या कथा-कादंबऱ्या मात्र आपल्यापाशी आहेत. शास्त्रज्ञ, लेखक आणि कलावंत या शहरात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांनी एकत्र बसून मराठीत अशी मालिका घडवावी आणि तिच्या लेखनात शास्त्रज्ञाला पहिल्या दिवसापासून बरोबरीचं स्थान द्यावं.