पट वीसच्या खाली गेला की गावच्या शाळेचं काय होतं?

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३० सप्टेंबरला पटावर किती मुलं आहेत, याला फार महत्त्व असतं. त्या आकड्यावरून 'संचमान्यता' होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरतं. कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडीत हा आकडा दहा-बारावर येतो, तेव्हा शाळा राहणार की जाणार याची चर्चा सुरू होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हाच्या आकडेवारीनुसार राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या. त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक.

सहा मुलांमागे एक शिक्षक ही चैन वाटेल, पण ती कागदावरच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावे लागतात. चौथीपर्यंतच्या शाळेत प्रत्येकाकडे दोन-दोन वर्ग येतात. त्यातला एक बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला, की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे आणि पोषण आहाराकडेही बघायचं.

पट का घटतो? इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी थेट वाडीपर्यंत येते, हे कारण सगळ्यांना दिसतं. पण मुळात मुलंच कमी झाली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. शिवाय तरुण जोडपी मुंबई-पुण्याला जातात. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची घटली. अशा ठिकाणी शिक्षकाने कितीही जीव ओतला तरी पट वाढायला मर्यादा आहेत. पट घसरला म्हणून सरसकट शिक्षकाला दोष देणं चुकीचंच.

समूह शाळेसाठी पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण दिलं गेलं. त्यामागचा विचार अगदीच निराधार नाही. दुसरीत एकच मूल असेल तर त्याला गटात बोलायला, खेळायला, चुकायला सोबती मिळत नाही. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक, ग्रंथालय, खेळाचं मैदान मिळू शकतं.

अडचण अंतराची आहे. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. ती नसेल तर वाहतुकीची सोय करण्याची जबाबदारी सरकारची. आता नकाशावर दीड किलोमीटर दिसणाऱ्या वाटेत ओढा असतो, पावसाळ्यात साकवावरून पाणी जातं आणि सहा वर्षांच्या मुलाला एकटं पाठवायला कोणी धजावत नाही. गाडीचे पैसे एखाद्या वर्षी वेळेवर आले नाहीत, तर आधी घरी बसते ती मुलगी. म्हणूनच तर २००० नंतर दूरच्या वस्त्यांवर 'वस्तीशाळा' सुरू झाल्या होत्या. आजच्या काही छोट्या शाळा त्यांतूनच आल्या.

शाळा एकत्र करण्याचा प्रस्ताव आला, तर गावाने आधी काय विचारावं? गाडी कोण देणार, पैसा कोणत्या खात्यातून येणार, ती बंद पडली तर काय आणि मूळ शाळेची इमारत कोणाच्या ताब्यात राहणार. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, त्यामुळे हे प्रश्न ठरावात लेखी घालता येतात. त्यासाठी संचमान्यतेची वाट बघायचीही गरज नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत पहिलीत किती मुलं येतील, याचा अंदाज गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत आजच मिळतो.