उणीव शोधणारी चाचणी

परीक्षा म्हटली की पास-नापासाचा विचार मनात प्रथम येतो. परंतु परीक्षेचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो निरगुडसरच्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. तो शेतातली माती तपासावयास देतो, ती मातीला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे. नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी काय उणे आहे, हे समजले की खत नेमके देता येते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाईन चाचण्यांकडे आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

याची गरज का पडावी? नोकरीत शिरताना दिलेली परीक्षा त्या वेळच्या कामापुरती असते. काम मात्र पालटत राहते. हाताने सातबारा लिहिणाऱ्या तलाठ्यापुढे संगणक आला. 2021 पासून तर शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करू लागला, आणि ती जमली नाही की तो तलाठ्यालाच विचारतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आपणांस दिला. सबळ कारणाविना ती न दिल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाने काम शिकता येत नाही.

केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली, तिच्यामागे हाच विचार आहे. पदाचे नाव काय यापेक्षा त्या पदावर प्रत्यक्ष काय करावे लागते, हे आधी मांडावयाचे. त्या कामास कोणती वागणूक, कोणते कौशल्य आणि कोणते विषयज्ञान लागते, हे ठरवावयाचे. मग चाचणीने आज त्यातले किती आहे ते पाहावयाचे. हवे ते आणि असलेले यांतले अंतर, हीच प्रशिक्षणाची गरज.

ऑनलाईन चाचणीचा मोठा लाभ असा की, शेकडो जणांची उत्तरे एकत्र ठेवून पाहता येतात. एकाच कर्मचाऱ्याचे उत्तर चुकले तर उणीव त्याची. तालुक्यातील सर्वांचेच चुकले तर बहुधा परिपत्रकच संदिग्ध असावे. आणि सर्वांची उत्तरे बरोबर असूनही दाखला वेळेवर मिळत नसेल, तर दोष प्रशिक्षणाचा नाही; तेथे माणसे अपुरी आहेत, की यंत्र बंद आहे, हे पाहावे लागेल.

अर्थात प्रश्न कामाचे हवेत. 30 जुलै 2014 रोजी आपल्याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा कोणत्या वर्षीचा, असे विचारून डोंगराखालच्या गावाला काय लाभ? ‘रात्रीपासून मुसळधार पाऊस आहे, डोंगरउतारावर भेगा दिसल्याचा निरोप आला आहे, तुम्ही प्रथम काय कराल?’ असे विचारले पाहिजे. तेथे अडखळणाऱ्याला पावसाळ्यापूर्वी शिकविणे, हे जीव वाचविण्याचेच काम होय.

आणखी एक पथ्य आहे. बांधालगतची किंवा खताच्या ढिगाजवळची माती शेतकरी तपासणीस नेत नाही. तिच्यावरून शेताची खरी स्थिती कळत नाही. चाचणीच्या गुणांवर बढती-बदली अवलंबून ठेवली, तर कर्मचारीही शेजाऱ्याला विचारूनच उत्तरे लिहील. निकाल उत्तम लागेल, उणीव मात्र झाकलेली राहील. म्हणून ही चाचणी निर्भयपणे देता आली पाहिजे आणि तिच्यामागोमाग प्रशिक्षण आलेच पाहिजे. माती तपासली आणि खत दिलेच नाही, तर पीक कसे सुधारावे?

शेवटी, पडद्यावरच्या उत्तरांतून माहिती कळते, वागणूक पुरती कळत नाही. ती खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्याला कळते. यास्तव चाचणीच्या निकालाशेजारी नागरिकांच्या तक्रारीही मांडल्या जाव्यात. त्या लेखी, नेमक्या आणि द्वेषरहित देणे, एवढे काम मात्र आपले आहे.