छतावरून उतरणारी वीज

तुमच्या घरात किंवा शाळेत छतापासून वायरीला लोंबकळणारा विजेचा दिवा असेल, तर त्याच्याकडे एकदा नीट पाहा. त्याची वायर वीज आणते, तशीच ती दिव्याचे वजनही पेलते. कारखान्यातही पुष्कळदा वीज अशीच खाली उतरवतात. तेथे वायरीच्या टोकाला दिव्याऐवजी सॉकेट असते. कामगाराने हात वर करताच ते हाती यावे आणि त्यात ड्रिल, ग्राइंडर, हवे ते यंत्र जोडता यावे, अशी ही सोय.

वीज वरूनच का आणायची? जमिनीवरून वायरी टाकल्या तर त्यांत पाय अडकतात, त्यांच्यावरून हातगाड्यांची चाके जातात आणि लोखंडाचा कीस आवरणात रुततो. शिवाय, वरून शक्ती घेण्याची ही रीत विजेहून जुनी आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत वाफेच्या एका मोठ्या एंजिनावर छतालगतचे लांब दंड फिरत आणि त्यांवरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांपर्यंत येत. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि पुढे पट्ट्यांची जागा मोटारींनी घेतली.

आता लोंबत्या वायरीला किती ओझे पेलावे लागते ते पाहू. तिच्यात प्रत्येकी १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तीन तारा आहेत असे समजा. चार मीटर लांबीत तांबे भरते जेमतेम १६० ग्रॅम. म्हणजे वजनाची अडचण नाही. अडचण आहे ती हिसक्याची! कामगार यंत्र घेऊन वळतो, दोन पावले पुढे जातो आणि वायर ताणली जाते. दिवसभर असेच चालते. हा ताण जर सॉकेटमधल्या इवल्याशा स्क्रूंवर पडला, तर सांधा ढिला होतो, तेथील रोध वाढतो, सांधा तापतो आणि ठिणग्या उडू लागतात.

म्हणून तांब्याने फक्त वीज वाहावी, ताण दुसऱ्या कोणीतरी घ्यावा. घरच्या दिव्यासाठी वायरमन सीलिंग रोजच्या आत वायरीला एक गाठ मारतो, ती भोकातून खाली येत नाही. कारखान्यात वायरीवर तारांची विणलेली जाळी मोज्यासारखी चढवतात आणि जाळीचा फासा छताच्या हुकात अडकवतात. पोकळ विणीची नाडी दोन्ही टोकांना धरून ओढा. ती लांब होते आणि अरुंद होते. जाळीचेही तसेच. वायर जितकी जोराने ओढावी, तितकी पकड घट्ट!

ताणाचा प्रश्न सुटला तरी वाकण्याचा उरतो. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवून तुम्ही तोडली असेल. तार जाड असेल तितकी ती लवकर तुटते. यासाठी लोंबत्या वायरीत एक जाड तार न घालता ०.२५ मिलिमीटर व्यासाच्या ३० बारीक तारांचा पेड घालतात. तरीही वर्षानुवर्षे वाकून त्या एकेक करून तुटतातच, आणि बहुधा प्लगच्या तोंडाशी. तीसपैकी वीस तुटल्या तरी यंत्र चालूच राहते, पण तेवढ्या जागी रोध तिप्पट आणि उष्णताही तिप्पट होते. प्लगची मान तापते ती यामुळे.

शिक्षकांच्या देखत, कोठेही न जोडलेला एखादा तीन पिनांचा प्लग उघडून पाहा. चांगल्या वायरमनने जोडला असेल तर अर्थची हिरवी तार इतर दोन तारांहून थोडी लांब, सैल ठेवलेली दिसेल. हा गबाळेपणा नव्हे. समजा, पकड निसटली आणि जोराचा हिसका बसला. मग आखूड असलेल्या फेज व न्यूट्रलच्या तारा आधी सुटतात आणि यंत्र बंद पडते. अर्थ आधी सुटली असती तर? यंत्र पूर्वीसारखेच चालले असते, कोणाला काही कळलेही नसते. पुढे केव्हातरी यंत्राच्या आतले आवरण फाटले, की त्याच्या धातूच्या अंगात २३० व्होल्ट उतरतात आणि त्यांना जमिनीत जायला कामगाराच्या शरीराखेरीज वाट उरत नाही. अर्थची पिन इतर पिनांपेक्षा लांब असते, तीही याच विचाराने. ती सर्वांआधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते.

काही ठिकाणी वायर छताजवळच्या स्प्रिंगच्या रिळात गुंडाळलेली असते. हवी तेवढी ओढून घ्यायची. येथे थोडे गणित हवे. १० मीटर वायरीत वीज जाण्यायेण्याचे मिळून २० मीटर तांबे असते. त्याचा रोध सुमारे ०.२५ ओहम. १० ॲम्पिअर प्रवाहाला १० × १० × ०.२५, म्हणजे २५ वॅट उष्णता निर्माण होते. वायर मोकळी लोंबत असेल तर दर मीटरला अडीच वॅट हवेत सहज निघून जातात. रिळात मात्र ते पंचवीसही वॅट वेटोळ्यांत कोंडतात आणि प्लॅस्टिक मऊ होऊ लागते. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ रिळांवर वॅटचे दोन आकडे छापलेले असतात: वायर गुंडाळलेली असताना किती, आणि पूर्ण उलगडल्यावर किती. घरी असे रीळ असेल तर आकडे पाहा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच लहान असेल.