मसण, मुरूम आणि माती

काल तिन्हीसांजेला तू विचारलंस, "आबा, मसणवटा म्हणजे काय हो?" आणि आजीनं तुला गप्प केलं. आता सकाळ आहे. ये, बस या बांधावर.

मसण हा संस्कृत 'श्मशान'चाच झिजलेला शब्द. प्राकृत बोलणाऱ्या जिभांना आरंभीचा 'श्म' जड गेला. त्यांनी श गाळून टाकला, मसाण झालं आणि आपण मसण म्हणू लागलो. आता मूळ शब्दाचा अर्थ ऐक. निरुक्तकार यास्कांनी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी त्याची फोड केली : श्म म्हणजे शरीर, शयन म्हणजे निजणं. शरीर निजतं ती जागा. इंग्रजीतल्या 'सिमेटरी'च्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, त्याचाही अर्थ निजायची जागाच! दोन्हीकडच्या माणसांना मेलेलं माणूस निजल्यासारखंच दिसलं असेल ना रे?

काही अभ्यासकांना श्मशानात 'अश्म' दिसतो. म्हणजे दगडाची शेज. ही फोड मला फार आवडते. का ते सांगतो. हे ढेकूळ धर हातात. हासुद्धा दगडच होता. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, थंड होऊन काळा बसाल्ट झाला. आपला बालाघाटचा डोंगर त्याचाच. ऊन, पाणी, झाडांची मुळं यांनी खडक कुरतडला. आधी मुरूम झाला, मग ही काळी रेगडी. श्मशानाचं मसण झालं तसंच.

आपण जाळतो, पण तान्ह्या लेकराला पुरतो. लिंगायत आपल्या माणसाला मातीत बसवतात. कपिलधारला त्यांच्या मन्मथस्वामींची समाधी तू पाहिलीस. मुसलमानांचं कब्रस्तान, त्यातला कबर शब्द अरबी, स्तान फारसी. शेज सगळ्यांची हीच माती.

या मातीत चुना पुष्कळ, म्हणून ती हाडं सांभाळते. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत हाडं लवकर विरघळतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची लेकरं सापडली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, त्यांच्या आत. कुठं, माहीत आहे? राहत्या घराच्या जमिनीखाली. आई वर भाकरी थापत असेल, तिथंच.