सांगणे, करणे आणि नकाराची मोकळीक

ऑगस्ट १८९३ मध्ये, पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या पुण्याच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले. कारण दिसायला लहान होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह बायबल वाचत, प्रार्थना करत आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे असे. सदनातल्या काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. संस्था सुरू करताना शब्द दिला गेला होता की इथे कुठल्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही, प्रत्येकीने आपापला आचार पाळावा. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कुणाला बोलावत नाही, पण स्वतःच्या घरात दार लावून, लपून प्रार्थनाही करणार नाही. सुधारकांचे म्हणणे असे, की निराधार विधवा मुलींना जी बाई आईच्या ठिकाणी आहे, तिचे उघडे दार हे बोलावणेच असते. लोकमान्यांच्या ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

मला या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात आणि म्हणूनच ते अजून मिटलेले नाही असेही वाटते. ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास दुसऱ्याला सांगावा, की नुसता जगून दाखवावा? उपदेश करावा, की दवाखाना काढावा? हा वाद ख्रिस्ती मंडळींत जगभर चालतो. आधी करून दाखवा, गरज पडली तरच बोला, अशा अर्थाचे एक वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपवले जाते. त्यांच्या लिखाणात ते सापडत नाही आणि ते स्वतः तर गावोगाव फिरून बोलणारे होते. बायबलच्या नव्या करारातही दोन्ही सूर आहेत. कृतीवाचून विश्वास मेलेला, असे याकोबाचे पत्र बजावते. सांगणाराच नसेल तर लोक ऐकतील कसे, असे पौल विचारतो. १९७४ साली लोझानला जगभरचे प्रोटेस्टंट जमले, तेव्हा त्यांनी सुवार्ता सांगणे आणि समाजकार्य ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये असल्याचे मान्य केले. कागदावर प्रश्न सुटला. महाराष्ट्रात मात्र त्याला वेगळीच धार आहे आणि ती इथल्या दोनशे वर्षांत घडत गेली आहे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्या बेतात होते. बऱ्याच खटपटीनंतर राहू दिले. हॉल मराठी शिकले, बाजारांत आणि देवळांच्या परिसरात उभे राहून बोलू लागले. ऐकणाऱ्यांतले बहुतेक चार शब्द ऐकून आपल्या वाटेला लागत. १८२६ मध्ये हॉल नाशिककडे प्रचाराच्या दौऱ्यावर गेले, तर तिथे पटकीची साथ. प्रचार बाजूला राहिला. जवळची औषधे वाटली, ती संपली. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठले आणि एका खेडेगावात त्यांचा मृत्यू झाला. बोलण्यासाठी निघालेला माणूस औषध वाटता वाटता गेला. त्या क्षणी त्यांना यातले धर्मकार्य कोणते, असा प्रश्न पडला असेल असे मला वाटत नाही.

तो प्रश्न पडला तो त्यांच्या मिशनच्या बोस्टनच्या कचेरीत. मिशनच्या शाळा वाढल्या, खर्च वाढला, बाप्तिस्मे थोडेच झाले. मिशन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस स्वतः हिंदुस्थानात आले आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनऱ्यांची बैठक भरली. अँडरसन यांचे मत ठाम होते: मिशनरीचे मुख्य काम तोंडी उपदेश आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या देशी मंडळ्या उभारणे. शाळा हव्यात, पण त्या उपदेशाच्या सेवेपुरत्या आणि देशी भाषेत. इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली. त्याच काळात मुंबईत जॉन विल्सन यांची स्कॉटिश मिशनची शाळा उलट दिशेने वाढत होती. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. पुढच्या पिढीत अमेरिकन मिशननेही पुन्हा इंग्रजी हायस्कुले काढली.

अँडरसन यांच्या हिशेबात एक गोष्ट बसणारी नव्हती. अहमदनगरला सिंथिया फरार या शिक्षिका १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचे आले, सावित्रीबाईंनी तिथे अध्यापनाचे धडे घेतले. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतले. दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत. मंडळीच्या नोंदवहीत या कामाची जमा शून्य. महाराष्ट्राच्या इतिहासात ती किती, हे वाचकांना सांगायला नको. सेवेचे फळ आपल्याच अंगणात पडले पाहिजे असा हट्ट धरला, तर सेवा लवकरच आमिष होते. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो, एकच आभार मानायला मागे फिरतो. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशू विचारतो खरा, पण त्यांचे बरे होणे काढून घेत नाही.

आमिषाचा आरोप मात्र हवेतून आलेला नाही. १८७६ ते ७८ चा आणि नंतर १८९६ ते १९०० चा दुष्काळ दख्खनला भाजून गेला. मिशनऱ्यांनी धान्य वाटले, अनाथ मुले सांभाळली आणि त्याच वर्षांत मंडळ्याही वाढल्या. भाकरीसाठी बाटले, असे त्या लोकांबद्दल तेव्हा म्हटले गेले, आजही म्हटले जाते. हे वाक्य मला अपमानकारक वाटते. नगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी नवा धर्म घेतला, त्यांना विहीर, शाळा आणि माणूस म्हणून नाव हवे होते. ते मागणे भाकरीपेक्षा हलके नव्हते आणि भाकरी मागणेही लाजिरवाणे नव्हते. पण उपाशी माणसाला नाही म्हणता येत नाही, हेही तितकेच खरे. हे ओळखणारे मिशनरी होते. आंध्रात ओंगोल इथे जॉन क्लाऊ यांनी त्यातल्या पहिल्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा ठेका घेऊन हजारोंना मजुरी दिली आणि मदतीचे काम चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देणे थांबवून ठेवले. ते काम संपल्यावर, ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. त्या आकड्यापेक्षा आधीचे थांबणे मला मोठे वाटते.

इथेच आपल्याकडच्या प्रश्नाची धार आहे. पाश्चात्त्य देशांत उपदेश लोकांना टोचतो आणि सेवा सर्वांना भावते. आपल्याकडे संशय सेवेवर जास्त. स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होती. १९५६ च्या अहवालात समितीने शाळा, दवाखाने, अनाथालये यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, असा ठपका ठेवला. पुढे ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये कायदे केले. बळ, फसवणूक आणि प्रलोभन हे त्यांतले कळीचे मुद्दे. ते कायदे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. घटनेच्या २५ व्या कलमातला धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे या देशात बोलणे हा हक्क आहे, आणि मदतीचा हात मात्र खुलासा द्यायला बांधील.

गांधीजींचा सल्ला याच्या उलट होता. मिशनऱ्यांशी त्यांचे बोलणे अनेकदा झाले आणि त्यांचा आग्रह एकच असे: सेवा करा, धर्मांतराचा हेतू सोडा, गुलाब आपला सुगंध काही बोलून पसरवत नाही. हा सल्ला आजही अनेक भली ख्रिस्ती माणसे शिरोधार्य मानतात. मला तो अपुरा वाटतो. माणूस फुलासारखा मुका नाही. तू हे का करतोस, असे कुणी मनापासून विचारले आणि मी उत्तर गिळून टाकले, तर तीही एक फसवणूक होते. गांधीजी स्वतः रोज प्रार्थनासभेत बोलत, ‘हरिजन’मध्ये लिहीत, आपल्याला पटलेले सत्य लोकांना पटावे म्हणून आयुष्यभर झिजले. ते गप्प राहिले असते तर आपले किती नुकसान झाले असते!

रमाबाईंचीच गोष्ट पाहा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा ख्रिस्ती होण्याचा त्यांचा विचार नव्हता. वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचे आपले काम दाखवले. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळले जात होते. अशा बायकांना आपल्याकडे कुणी दारातही उभे करत नसे, हे रमाबाई जाणून होत्या. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. डोक्यातल्या शंका फिटायला नीळकंठशास्त्री गोरे यांचे लिखाण लागले, तेही ख्रिस्ती झालेले शास्त्री. आधी काम दिसले, मग प्रश्न आला, मग शब्द आले, मग वाद आणि विचार. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यातला प्रश्न रमाबाईंनी विचारला होता, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

म्हणून माझ्या मते कसोटी बोलण्याची किंवा करण्याची नाही. समोरच्याला नाही म्हणता येते का, ही कसोटी. चौकातला उपदेशक कितीही कर्कश असला तरी त्याच्याकडे पाठ फिरवता येते. दवाखान्यातल्या खाटेवरून उठून जाता येत नाही. सेवा करणाऱ्यावर म्हणूनच जास्त पथ्ये येतात: आपण कोण, हे पाटीवर स्पष्ट लिहिलेले असावे; औषधाची खिडकी आणि प्रार्थनेची खोली यांच्यात अंतर असावे; प्रार्थनेला कोण आले नाही याची मनातसुद्धा नोंद नसावी. शारदा सदनात ही मोकळीक होती असे मानायला आधार आहे. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी विधवा गोदूबाई १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाल्या आणि हिंदूच राहिल्या. पुढे रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली होत्या आणि संस्था तोवर उघडपणे ख्रिस्ती झालेली होती. तिथे त्या मुलींना नाही म्हणायला कितपत जागा होती, हा प्रश्न रमाबाईंवर प्रेम असूनही मला सुटत नाही.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले हे दोघे आपल्या विश्वासामुळेच खेड्यात आलो, हे मोकळेपणाने सांगत. दुष्काळात हातपंपासाठी बोअर घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी जागा दलित वस्त्यांत निघतील असे पाहिले. सवर्ण बायकांना पाण्यासाठी तिथेच यावे लागले. अस्पृश्यतेवर एकही व्याख्यान न देता त्यांनी गावाला जे शिकवले, ते व्याख्यानाने साधले नसते. पण त्यांच्या ग्राम आरोग्य सेविकांचा विचार करा. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, उंबरठ्याबाहेर बोलायची सवय नसलेल्या होत्या. त्यांना उभे केले ते रोजच्या बोलण्याने, समजावण्याने, तू करू शकतेस हे पुन्हा पुन्हा सांगण्याने. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे शब्द कुठे संपतात आणि कृती कुठे सुरू होते, हे मला शोधूनही सापडत नाही.

आणि शब्दांनीच आयुष्य पालटलेला माणूस म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या, नवा करार हातात ठेवला आणि उतरून गेला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरात मात्र त्यांचे शब्द तसे चालले नाहीत. पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे आपला आचार सांभाळला. जात देवाने केलेली नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले आणि मग १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ते घर माहीत आहे. टिळकांनी तेवढी वाट पाहिली, ही त्यांच्या सगळ्या कीर्तनांपेक्षा मोठी साक्ष होती असे मी म्हणेन.

कीर्तनेही मोठीच होती. परदेशी चालींवरची भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला त्यांनी तुकारामांच्या वळणाची भजने दिली. आजही मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत ती गायली जातात. पण त्यांना एक गोष्ट टोचत राहिली. मिशनचा पगार घेऊन केलेला उपदेश लोक नोकरीचे काम म्हणून ऐकतात, हे त्यांनी पाहिले होते. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसणार होते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दरबार मात्र त्यांच्यामागे टिकला नाही. मंडळ्यांनी त्यांची भजने ठेवून घेतली आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही शेजारी बसवण्याची त्यांची कल्पना बाजूला ठेवली.